तीनशे नऊ आणि एकवीस

एकट्याने डाव सावरणाऱ्या फलंदाजाची कथा मुलांना फार आवडते. १९८३ च्या विश्वचषकात टनब्रिज वेल्सच्या मैदानावर झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी अवघ्या १७ धावांत बाद झाले असता चोवीस वर्षांच्या कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा काढून सामना खेचून आणला. ही कथा ज्याला ठाऊक नाही असा मुलगा आपल्या गावांत सापडणे कठीण. मात्र त्या दिवशी दुसऱ्या टोकास सय्यद किरमाणी नाबाद २४ धावांवर अखेरपर्यंत उभे होते, हे सांगणारा मुलगा क्वचितच भेटतो. आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो ती खेळी याहून चाळीस वर्षे आधीची. तिने सामना जिंकला नाही, तरी आम्हांस ती अधिक मोलाची वाटते.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन असे धर्माजातीवरून पाडलेले संघ. त्यांत १९३७ साली पाचव्याची भर पडली. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध अशा सर्वांचा मिळून तो संघ, आणि त्याचे नाव ‘दि रेस्ट’, म्हणजे उरलेसुरले! नाव ठेवणाऱ्याने फार विचार केला असावा असे वाटत नाही. धर्मावरून खेळाडूंची वाटणी करणे महात्मा गांधींना रुचले नव्हते व १९४० मध्ये त्यांनी तसे स्पष्ट सांगितले होते. १९४५-४६ च्या हंगामानंतर हे सामने बंद पडले, ते बरेच झाले.

अशा या ‘उरल्यासुरल्यां’च्या संघात सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा विजय सॅम्युएल हजारे खेळत असे. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर अंतिम सामना हिंदू संघाशी पडला. त्याआधी मुस्लिम संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा काढून स्पर्धेतील उच्चांक केला होता. अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून तो मोडला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. उत्तरादाखल ‘रेस्ट’चा डाव १३३ धावांत कोसळला, त्यांतील ५९ एकट्या हजारे यांच्या. लागलीच पुन्हा खेळावयाची पाळी आली, आणि शंभरी कोठेच दिसत नसताना निम्मा संघ तंबूत परतला.

येथे सहाव्या गड्याची भागीदारी सुरू झाली. विजय यांच्या जोडीस होते त्यांचेच बंधू विवेक. दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली. त्यांत विवेक यांच्या धावा किती? एकवीस! संघाची बेरीज झाली ३८७, त्यांत विजय हजारे ३०९. मर्चंट यांचा उच्चांक तर गेलाच. पण वाचकांनी थोडी वजाबाकी करून पाहावी. दोघा भावांच्या धावा वगळल्या तर बाकीचे नऊ गडी आणि अवांतर धावा मिळून उरतात अवघ्या ५७.

क्रिकेट न खेळलेल्या आमच्या भगिनींसाठी हे थोडे फोडून सांगितले पाहिजे. एका टोकाचा गडी धावा काढीत असता दुसऱ्या टोकाचा बाद झाला की जोडी मोडते. म्हणून दुसऱ्याने आपल्या वाट्यास येणारा प्रत्येक चेंडू नुसता अडवावयाचा, हात शिवशिवले तरी बॅट आवरावयाची, जोडीदाराची हाक येताच धाव घ्यावयाची, आणि टाळ्या पडतील त्या मुकाट्याने ऐकावयाच्या. तीनशे धावा होईतो हे करणे म्हणजे एक तपश्चर्याच. रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या पटांगणात आमची मुले खेळतात, तेथे असे खेळणाऱ्यास ‘टुकूटुकू’ म्हणून हिणवितात. घरांतही निराळे काय घडते? एक मुलगा शिकून शहरात नाव काढतो, दुसरा मागे राहून शेत आणि म्हातारे आईबाप सांभाळतो; पाहुण्यांपुढे कौतुक होते ते पहिल्याचे. त्या एकवीस धावांवाचून तीनशे नऊ झाल्या नसत्या, हे अशा घरांतील वडीलधाऱ्यांना सांगावेसे आम्हांस वाटते.

सामना ‘रेस्ट’ने एक डाव आणि ६१ धावांनी गमावला.

विजय हजारे यांच्या नशिबी असे डाव पुढेही आले. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडच्या कसोटीत ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध त्यांनी ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली, तरी भारत डावाने हरला. यशही आले: १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. पण वडोदरा आणि इंदूरच्या वाचकांना आठवण द्यावीशी वाटते ती १९४७ च्या मार्चमधील रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याची. वडोदरे येथे होळकर संघाविरुद्ध हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. त्यांचा विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला. इंदूरकरांनी रागावू नये! पंचरंगीच्या वाटणीत हे दोघे एका संघात बसलेच नसते. पुढे पाचच महिन्यांत देशाची फाळणी झाली, आणि गुल महंमद कालांतराने पाकिस्तानात गेले.

हजारे मात्र वडोदऱ्यासच राहिले आणि तेथेच १८ डिसेंबर २००४ रोजी वारले. आमच्या वृद्ध वाचकांपैकी कोणी त्यांना खेळताना पाहिले असल्यास त्यांनी आठवणी अवश्य लिहून धाडाव्यात. विवेक हजारे यांच्याविषयी कोणाच्या घरी काही ऐकिवात असेल, तर ते आम्हांस आधी हवे आहे.