इतिहासाचे मौन आणि कादंबरीकाराचा शब्द

रोम जळत असताना नीरो फिडल वाजवीत होता, हे वाक्य आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. वस्तुतः इ. स. ६४ मध्ये आग लागली तेव्हा नीरो अँटियम येथे होता, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो. नीरो त्या वेळी गात होता ही वदंता होती, हेही तोच नमूद करतो. फिडल तर त्या काळी अस्तित्वातच नव्हते! आद्य ख्रिस्ती पिढीविषयीचे आपले बरेचसे ज्ञान असे कथांतून आलेले आहे.

या कथांत पोलिश लेखक हेन्रिक शेंकेविच यांच्या 'क्वो वादिस'चे स्थान मोठे. १८९५ पासून ती वॉर्सातील दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. रोम सोडून निघालेल्या पीटरला वाटेत ख्रिस्त भेटतो आणि पीटर मागे फिरतो, हा तिच्यातील प्रसंग बायबलात नाही. तो बायबलाबाहेरील एका प्राचीन ग्रंथातला आहे. पण म्हणून कादंबरीला खोटी ठरविणे अन्यायाचे होईल. १७९५ च्या फाळणीनंतर पोलंड नकाशावर उरला नव्हता. बलाढ्य साम्राज्यापुढे न वाकणाऱ्या निःशस्त्र माणसांच्या कथेत पोलिश वाचकांना स्वतःचेच दुःख दिसले. पुढे १९५० साली स्वीडनच्या पेर लागरक्विस्ट यांनी 'बाराब्बास' लिहिली. येशूऐवजी सुटलेल्या या कैद्याचे पुढे काय झाले, याविषयी शुभवर्तमाने मौन पाळतात. त्या मौनात लेखकाने श्रद्धेसाठी आसुसलेला, पण श्रद्धा न लाभलेला माणूस उभा केला. दोन महायुद्धांनी होरपळलेल्या युरोपचाच तो चेहरा होता.

इतिहास जेथे मुका आहे, तेथे कादंबरीकाराने अवश्य बोलावे. परंतु इतिहासाने जेथे संशय नोंदविला आहे, तेथे वाचकाने कादंबरीतील निकाल शिरोधार्य मानू नये. आग अपघाताने लागली की सम्राटाच्या कारस्थानाने, हे अनिश्चित असल्याचे टॅसिटस सांगतो. कादंबरीत मात्र ती नीरोच्या इच्छेनेच लागते. ख्रिस्ती लोकांचा छळ झाला तो आगीचा खोटा आळ घेऊन. खोट्या आळाचे जे बळी, त्यांची कथा वाचून आपण दुसऱ्यावरचा आळ पुराव्यावाचून खरा मानावा, हे त्या कथेशीच प्रतारणा करण्यासारखे आहे. मग तो दुसरा नीरोसारखा क्रूरकर्मा का असेना!

शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या हाती या कादंबऱ्या जरूर द्याव्यात. मात्र शेजारी टॅसिटसचे ते पानही ठेवावे.