पोटाची तक्रार मुदतीत नोंदवा

कायद्यात मुदतीला फार महत्त्व आहे. मुदत उलटलेला दावा कितीही खरा असला तरी कोर्ट तो फेटाळून लावते. अपिलाला उशीर झाला तर निदान विलंब माफीचा अर्ज तरी करता येतो. शरीराच्या बाबतीत तशी सोय नाही. आणि आपण सर्वांत जास्त उशीर कोणत्या तक्रारीला करीत असू, तर तो पोटाच्या तक्रारीला.

ताप चढला की माणूस अंथरूण धरतो, हाड मोडले की दवाखाना गाठतो. पोट दुखले तर मात्र म्हणतो, 'गॅस झाला असेल', 'पित्त खवळले असेल', 'काल वडे खाल्ले ते बाधले असतील'. मग ओवा, सोडा, लिंबू. त्यानंतर मेडिकलच्या दुकानातली गोळी. त्यानंतर शेजाऱ्याला लागू पडलेली कॅप्सूल. यात सहा महिने निघून जातात. डॉक्टरकडे न जाण्याची कारणेही ठरलेली असतात. एक रोज बुडेल, तपासण्या लावतील, ऑपरेशन सांगतील. ही कारणे खोटी नाहीत. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याला पोटदुखीसाठी रजा मिळत नाही. परंतु उशिराने खर्च वाचत नाही, तो वाढतो. पहिल्या महिन्यात गोळ्यांवर बरा होणारा आजार वर्षभराने घर गहाण टाकायला लावतो.

प्रत्येक पोटदुखीला डॉक्टर हवा असे कोणी म्हणणार नाही. एखादा दिवस अपचन झाले, जड वाटले, दोन वेळा पातळ शौचास झाले तर हलके खाऊन, भरपूर पाणी पिऊन ते थांबते. प्रश्न आहे तो साधी तक्रार आणि धोक्याची तक्रार यांतला फरक ओळखण्याचा. तो फरक आपल्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे.

काही लक्षणे अशी आहेत की त्यांत उद्याची वाट पाहायची नाही. पोटात अचानक असह्य कळ येऊन पोट लाकडासारखे ताठ झाले. बेंबीपाशी सुरू झालेले दुखणे उजव्या बाजूला खाली सरकले आणि ताप आला. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट पडले. शौच डांबरासारखे काळे आणि चिकट झाले. पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद झाले आणि उलट्या सुरू झाल्या, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालयात जायचे. अशा वेळी 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेणे किंवा जुलाबाचे औषध घेणे जिवावर बेतू शकते. सुजलेले अपेंडिक्स पोटातल्या पोटात फुटले तर सारे पोट पुवाने भरते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जळजळ किंवा दाब वाटतो, दरदरून घाम सुटतो, दम लागतो, दुखणे जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाते, तेव्हा ते पित्त नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत तो बरेचदा असाच वेष पालटून येतो. तिथे सोडा पीत बसायचे नाही, आधी ईसीजी काढायचा.

दुसऱ्या प्रकारची लक्षणे आरडाओरडा करीत नाहीत, म्हणूनच ती जास्त फसवी असतात. जेवण कमी न करता वजन उतरणे. घास गिळताना अडकणे, आधी भाकरी आणि पुढे पातळ पदार्थही न उतरणे. थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे. शौचाच्या नेहमीच्या सवयीत बदल होऊन तो तीन आठवडे टिकणे. शौचावाटे रक्त. पोटात हाताला गाठ लागणे. दुखण्याने झोपेतून जाग येणे. कारण नसताना रक्त कमी होणे. वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अपचनाचा त्रास सुरू होणे. यांपैकी एकही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. याचा अर्थ कर्करोगच झाला असा नाही. बहुतेकांना तो नसतो. पण ज्याला असतो त्याचे सारे भवितव्य निदान लवकर होण्यावर अवलंबून असते. तंबाखू, मिश्री, दारू यांची सवय असणाऱ्याने घास अडकू लागला तर मुळीच थांबू नये. पित्त कमी करणाऱ्या गोळ्यांनी अशा आजाराची जळजळही काही काळ शमते आणि माणूस बरे वाटले म्हणून घरी बसतो.

मी वकिली करतो. कामगारांची प्रकरणे चालविताना एक गोष्ट वारंवार दिसते. पक्षकाराच्या पिशवीत केसच्या कागदांबरोबर गोळ्यांची पट्टी असते. एक हमाल पक्षकार पाठदुखीसाठी रोज दोन वेळा डायक्लोफेनॅकची गोळी घेत असे, तीही उपाशीपोटी, कारण पहाटे कामाला जायचे. पोट जळू लागले तेव्हा त्याने दुकानातून पित्ताची गोळी सुरू केली. शौच काळे होत होते ते त्याने कोणाला सांगितले नाही. तारखेला आला असताना कोर्टाच्या आवारातच चक्कर येऊन पडला. जठरातल्या जखमेतून थेंब थेंब रक्त जाऊन अंगातले रक्त संपत आले होते. वेदनाशामक गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराचे संरक्षण काढून घेतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. दुकानदाराने नाही, मुकादमाने नाही. कष्टकऱ्यांच्या वस्तीत या गोळ्या चहासारख्या खपतात. ज्यांना त्या रोज लागतात त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण तो फरक डॉक्टरांनी ठरवायचा, आपण नव्हे.

अल्सर म्हणजे तिखट खाण्याचा आणि चिंतेचा परिणाम, असे डॉक्टरही पिढ्यान् पिढ्या मानत आले. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोघांनी १९८२ साली दाखवून दिले की, जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू राहतो. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज येते हे सिद्ध केले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुतेक अल्सरची कारणे दोनच मानली जातात, हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या. जंतू असेल तर दहा ते चौदा दिवसांच्या औषधांनी तो जातो. म्हणजे ज्या दुखण्याला माणूस 'माझी प्रकृतीच पित्ताची' म्हणून जन्मभर सोसतो, ते तपासणी केल्यास दोन आठवड्यांत मिटू शकते. नशीब म्हणून स्वीकारलेल्या किती गोष्टींना असे साधे कारण असते!

आतड्याचा क्षयरोगही असाच लपून राहतो. क्षय म्हणजे खोकला, एवढेच आपल्याला माहीत. परंतु संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, पोटात अधूनमधून येणारी मुरड, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, हे आतड्याच्या क्षयाचे रूप असू शकते. त्याचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि उपचार चालू असताना सकस आहारासाठी रुग्णाच्या खात्यात दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. हे अनुदान मागून घ्यावे.

काविळीच्या बाबतीत तर आपण विज्ञानाकडे पाठच फिरवतो. गळ्यात माळ घालतात, ती लांबत गेली की कावीळ उतरली म्हणतात. माळेतील काड्या वाळतात आणि गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. आंब्याच्या सालीच्या रसाला चुन्याचे पाणी लागले की पिवळा रंग येतो, तो काविळीचा नसतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. परंतु तीच कावीळ गरोदर स्त्रीला झाली तर प्राणघातक ठरू शकते. पित्तनलिकेतील खडा, दारूने खराब झालेले यकृत, हिपॅटायटिस बी आणि सी, यांनाही माळेचा उपयोग नाही. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि उपचार मोफत देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून सुरू झाला आहे. मेळघाटात तर तान्ह्या मुलाचे पोट फुगले म्हणून तापलेल्या विळ्याने डाग देण्याचा 'डंबा' अलीकडच्या वर्षांतही उघडकीस आला आहे. पोट फुगलेले तान्हे बाळ डॉक्टरकडेच गेले पाहिजे.

लहान मुलांच्या जुलाबात पाणी तोडणे हीच सर्वांत मोठी चूक. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचविले. तेच ओआरएस आज आरोग्य केंद्रात मोफत मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावी. अंगावरचे दूध थांबवू नये. डॉक्टर झिंकच्या गोळ्या देतात, त्या १४ दिवस पूर्ण कराव्यात. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले, तर लगेच रुग्णालय.

आणि स्त्रियांबद्दल बोललेच पाहिजे. संडासाची सोय नाही किंवा सार्वजनिक संडासाला दार नाही, म्हणून दिवसभर शौच दाबून धरणाऱ्या आपल्या आया-बहिणी बद्धकोष्ठाने त्रस्त असतात. रक्त पडले तर लाजेने कोणाला सांगत नाहीत. फार झाले तर 'मूळव्याध, भगंदर हमखास बरा' अशी पाटी लावलेल्या टपरीत जातात. प्रत्येक रक्त मूळव्याधीचेच असते असे नाही, ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही असू शकते. तपासल्याशिवाय ते कळत नाही. शौचाच्या जागेची तपासणी करून घेण्यात लाज कसली? लाज वाटायची असेल तर ती संडास न बांधणाऱ्या नगरपालिकेला वाटावी.

अशा हमखास जाहिरातींबाबत कायदा स्पष्ट आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार कर्करोग, अपेंडिक्सची सूज, पित्ताशयातील खडे, जठर-आतड्याचा अल्सर हे आजार बरे करण्याची औषधाची जाहिरात करणे गुन्हा आहे. आपल्या वस्तीत अशी पत्रके वाटली जात असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.

आता खर्चाचा प्रश्न. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनाशुल्क करण्यात आले. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया आणि कर्करोगाचे उपचार येतात. दाखल होण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठावे. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. शिधापत्रिका आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडविता येत नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालये खाट नाही म्हणून परत पाठवीत राहिली, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा संविधानाच्या कलम २१ चा भंग ठरविला. उपचार ही मेहेरबानी नाही, जगण्याच्या हक्काचा तो भाग आहे. आपल्या आजाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळणे, हाही रुग्णाचा हक्क आहे.

डॉक्टरांसमोरही आपली बाजू नीट मांडायला शिका. दुखणे केव्हा सुरू झाले, कुठे दुखते, जेवल्यावर वाढते की कमी होते, शौचाचा रंग कसा, वजन किती उतरले, हे सांगा. चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या. दारू-तंबाखू लपवू नका. सलाईन लावा, इंजेक्शन द्या असा हट्ट धरू नका. नेमके काय झाले आहे आणि दुर्बिणीची तपासणी किंवा सोनोग्राफी लागेल का, ते विचारा. औषध सुरू केल्यावर दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर पुन्हा जा.

कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. आपण जयंतीला आरोग्य शिबिर घेतो, रक्तदाब मोजतो, साखर तपासतो, फोटो काढतो. पुढच्या शिबिरात आणखी तीन प्रश्न विचारा : वजन उतरले आहे का, घास अडकतो का, शौचावाटे रक्त जाते का? ज्याचे उत्तर 'हो' येईल त्याला चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका. त्याच्याबरोबर जिल्हा रुग्णालयात जा, रांगेत उभे राहा, रिपोर्ट हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. मोर्चाला माणसे जमविणारी संघटना एका माणसाला वेळेवर डॉक्टरपर्यंत नेऊ शकली पाहिजे.