‘पित्ताची गोळी द्या’ म्हणण्याआधी: स्टेंट बसवलेल्यांनी पट्टीवर काय वाचावे?

लातूर किंवा नांदेडला अँजिओप्लास्टी करून रुग्ण अहमदपूर, लोहा, कंधारकडे घरी परततो, तेव्हा औषधांच्या पिशवीत बहुतेकदा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असते. काही दिवसांनी जळजळ सुरू होते. मग जवळच्या मेडिकलवर ‘पित्ताची गोळी द्या’ एवढेच सांगितले जाते आणि हाताशी असेल ती पट्टी मिळते. घोळ इथेच होतो.

क्लोपिडोग्रेलला आपण रक्त पातळ करणारी गोळी म्हणतो. खरे तर रक्त पातळ होत नाही, गुठळी होण्याची क्रिया मंदावते. ही गोळी जशीच्या तशी काम करत नाही. यकृतातील ‘सीवायपी२सी१९’ हे एन्झाइम तिचे रूप बदलते, तेव्हाच ती प्रभावी ठरते. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल नेमके याच एन्झाइमला अडवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. एक गोळी सकाळी आणि दुसरी रात्री घेतली तरी हा परिणाम टळत नाही. त्यात दक्षिण आशियाई लोकांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच मंद असण्याचे प्रमाण युरोपीयांपेक्षा जास्त आहे.

मग पित्ताची गोळी बंदच करायची का? मुळीच नाही. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र घेताना पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अनेकदा डॉक्टर स्वतःच ती लिहून देतात. २०१० च्या ‘कोजेंट’ चाचणीत ओमेप्राझोलमुळे असा रक्तस्राव कमी झाला, हृदयविकाराच्या घटना वाढल्याचे दिसले नाही. मात्र ती चाचणी मुदतीआधीच थांबली, त्यामुळे वाद मिटला नाही. पँटोप्राझोलचा या एन्झाइमवरील परिणाम कमी असल्याने क्लोपिडोग्रेलसोबत त्याला पसंती मिळते. वॉरफेरिन घेणाऱ्यांचा प्रश्न उलटा आहे: पित्ताच्या गोळीने आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून गोळी सुरू किंवा बदल केल्यावर तपासणी हवी.

आमच्या मते, डिस्चार्ज कार्डावर ‘पित्तासाठी फक्त ही गोळी’ असे मराठीत ठळक लिहायला हवे. तोवर जुनी चिठ्ठी मेडिकलवर दाखवा आणि पट्टीवरचे ब्रँडचे नाव नव्हे, त्याखालचा घटक वाचा. स्टेंटनंतरची गोळी स्वतःहून थांबवू नका. शौच डांबरासारखी काळी झाली तर लगेच डॉक्टरांकडे जा. जळजळ चालताना वाढत असेल, सोबत घाम किंवा दम असेल, तर गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.