असईच्या मराठा तोफेला किती पॉइंट्स? टेबलावरच्या युद्धखेळातला वाद समजून घ्या

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे कसेही मांडले तरी चालतं. पण दोन सैन्यं समोरासमोर मांडून लढाई खेळायची ठरवली, की पहिला प्रश्न येतो: कोणाला किती सैन्य द्यायचं? जगभर खेळल्या जाणाऱ्या मिनिएचर वॉरगेममध्ये याच प्रश्नावरून वाद आहे. तो समजून घ्यायला जालना जिल्ह्यातलं असईचं रणांगण उपयोगी पडतं.

हा खेळ काय आहे?

सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती, मोजपट्टी आणि फासे घेऊन टेबलावर खेळायची ही लढाई. आयपीएल लिलावात प्रत्येक संघाला जशी खर्चाची मर्यादा असते, तसे इथे दोन्ही खेळाडूंना सारखे पॉइंट्स मिळतात. प्रत्येक तुकडीची किंमत ठरलेली असते. त्या मर्यादेत बसेल ते सैन्य उभं करायचं.

मग वाद कशावरून?

ही किंमत किती बारकाईने लावायची, यावरून. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या प्रसिद्ध खेळात बराच काळ प्रत्येक सैनिकाचे आणि शस्त्राचे पॉइंट्स वेगळे मोजले जायचे. जून २०२३ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत तुकडीची एकच ठोक किंमत आली आणि शस्त्रांचे वेगळे पॉइंट्स गेले. हिशेब सोपा झाला. पण भारी आणि साधं शस्त्र एकाच किमतीत मिळत असेल, तर साधं कोण घेणार?

याच कंपनीने २०१५ मध्ये ‘एज ऑफ सिग्मार’ हा खेळ पॉइंट्सशिवायच आणला होता. पुढच्याच वर्षी पॉइंट्स द्यावे लागले. दुसरीकडे, १९९० पासून खेळल्या जाणाऱ्या ‘डीबीए’मध्ये प्रत्येक सैन्य फक्त १२ घटकांचं असतं. तिथे पॉइंट्सची गरजच पडत नाही.

असईचं गणित काय सांगतं?

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईजवळ आर्थर वेलस्लीचं कंपनी सैन्य आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा भिडल्या. वेलस्लीकडे सुमारे ९,५०० माणसं होती. मराठ्यांकडे पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली सुमारे १०,८०० कवायती पायदळ आणि १०० हून अधिक तोफा होत्या. शिवाय हजारोंचं घोडदळ होतं.

डोकी मोजून किंमत लावली, तर मराठ्यांचे सगळ्यात जास्त पॉइंट्स घोडदळावर जातील. प्रत्यक्षात ते घोडदळ बहुतांशी लढाईबाहेरच राहिलं. खरा तडाखा दिला तोफांनी. काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि कंपनीची रांग पुढे जाताच त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या. कंपनीचे १,५०० हून अधिक लोक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. म्हणजे किंमत लावताना तोफेइतकाच गोलंदाजही मोजावा लागेल. इथे बारीक हिशेबाचं पारडं जड ठरतं.

मग बारीक हिशेबच चांगला?

तेवढ्यानेही भागत नाही. केळणा नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसल्यावर मध्ये उतार असणारच, हे वेलस्लीने ताडलं आणि तिथून सैन्य पलीकडे नेलं. पोलमननेही वेळीच आपली फळी त्याच्याकडे वळवली. नदी, उतार आणि वेळ यांची किंमत कुठल्याच तक्त्यात बसत नाही. म्हणून ऐतिहासिक लढाया खेळताना अनेकदा सैन्य असमानच ठेवतात आणि जिंकण्याच्या अटी बदलतात. उदाहरणार्थ, कंपनीने मैदान मारलं तरी ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं गमावली, तर विजय मराठ्यांचा.

यात आपला काय संबंध?

पॉइंट्स हा निव्वळ हिशेब नसतो, तो एक निवाडाही असतो. सोपेपणासाठी सगळ्या मराठा फौजेला ‘बेशिस्त, स्वस्त’ अशा एकाच खान्यात टाकलं, तर खेळणाऱ्याच्या मनात तेच चित्र राहील आणि तोफांपाशी टिकून राहिलेले गोलंदाज त्यातून गायब होतील. नव्या खेळाडूला संध्याकाळी दोन तास खेळायचं असेल, तर ठोक किंमत पुरेशी आहे. असई खेळायची असेल, तर आकडे किती बारीक आहेत यापेक्षा ते कशाचे लावलेत, हे आधी तपासायला हवं.