पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, कटऑफ म्हणजे लायकी नव्हे

2024 मध्ये माझ्या मावसबहिणीला जेईई मेनला 72 पर्सेंटाइल मिळाले. मावशीला वाटलं, डिस्टिंक्शन तीन टक्क्यांनी हुकलं. क्लासमधला एकजण म्हणाला, "बहात्तरवर आयआयटी? आमचे ब्याण्णव वाया गेले." ॲडव्हान्स्डचा फॉर्म भरावा की नाही, इथवर पोरीचा विचार गेला. मावशी चुकली, कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं. तो मात्र दोन वर्षं क्लास करूनही चुकला.

ही परीक्षा अनेक पाळ्यांत होते, प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात. तुमच्या पाळीतल्या किती टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढंच पर्सेंटाइल सांगतं. तुम्ही किती उत्तरं बरोबर लिहिली, हे त्यातून कळत नाही.

मेनच्या या कटऑफने आयआयटीत जागाही मिळत नाही, फक्त ॲडव्हान्स्डला बसता येतं. आणि कटऑफच्या आधी संख्या ठरते. एकूण अडीच लाख मुलं; त्यात अनुसूचित जातींची 15 टक्के, म्हणजे 37,500. रांगेतल्या शेवटच्या मुलाचा आकडा म्हणजे कटऑफ. 2024 साली तो 60.09 होता. पुढे ॲडव्हान्स्डचा पेपर सगळ्यांना एकच.

आता त्याच वर्षीचे आणखी दोन आकडे शेजारी ठेवा. ईडब्ल्यूएस 81.33, ओबीसी 79.68. फरक दोनाहूनही कमी. ईडब्ल्यूएसमध्ये एससी, एसटी, ओबीसींना प्रवेश नाही. तरी एक 'बिचारा गरीब' आणि दुसरा 'कोट्यातला'!

खुल्या यादीचा कटऑफ होता 93.24. राखीव जागा नसत्या तर ब्याण्णववाला ॲडव्हान्स्डला बसला असता, हे खरं आहे. ते लपवायचं कारण नाही. पिढ्यान् पिढ्या ठरावीक घरांतच राहिलेली संधी वाटली जावी, यासाठीच आरक्षण आहे. पण त्याच अडीच लाखांतले 25,000 ईडब्ल्यूएससाठीही होते. त्यांच्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. राग कटऑफचा असता तर दोघांवर निघाला असता. हा राग जातीचा आहे.

आपण घरातले पहिले पदवीधर. आपला निकाल वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं. म्हणून पुढच्या निकालाच्या दिवशी आपल्या वस्तीतल्या मुलांजवळ जाऊन बसा. स्कोअरकार्ड उघडा, एकेक आकडा आईबापांना समजावून सांगा. टोमणा मारणारे त्यांच्यापर्यंत पोहोचतातच. त्यांच्या आधी आपण पोहोचलं पाहिजे.

जय भीम.