दंडावरची नळी आणि घरचे हात

घरातले माणूस कर्करोगाच्या उपचारासाठी मोठ्या इस्पितळात जाते आणि परत येते ते दंडावर एक बारीक नळी घेऊन. टोकाला बूच, वर पारदर्शक पट्टी. इस्पितळात तिला 'पिक लाइन' म्हणतात. आपल्या शेतातल्या पिकाशी या नावाचा संबंध नाही. पण निगा मात्र पिकासारखीच रोजची लागते, आणि ती घरच्यांनीच राखायची असते.

ही नळी दंडाच्या शिरेतून आत जाऊन हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत थांबते. केमोची काही औषधे फार जहाल असतात. हाताच्या लहान शिरेतून दिली तर शीर खराब होते, आणि औषध बाहेर झिरपले तर कातडी व मांस जळून जखम होते. हृदयाजवळ रक्ताचा ओघ मोठा, त्यामुळे औषध लगेच पातळ होते. ओहोळात आणि नदीत जो फरक, तोच हा. १९२९ साली वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली व तसा एक्स-रे काढून घेतला. १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत तोही होता.

परंतु औषधाला जो रस्ता मोकळा, तोच जंतूंनाही मोकळा. बुचातून शिरलेला जंतू थेट रक्तात जातो. म्हणून पुढील गोष्टी सांभाळा.

शेणगोठा, माती, धारा काढणे, काही काम केलेले असो वा नसो, नळीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवा. बूच वापरण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने निदान पंधरा सेकंद चोळून वाळू द्यावे. सिस्टर किंवा डॉक्टर घाईत असले तरी आठवण करून द्यायला संकोचू नका.

पट्टी आठवड्यातून एकदा शिकलेल्या माणसाकडूनच बदलून घ्यावी. ती भिजली किंवा सुटली तर आठवड्याची वाट पाहू नये. त्या जागी हळद, राख, तेल काहीही लावू नका. आपली हळद गुणाची खरी, पण या जागेवर नको.

ठिबकच्या नळ्या चोंदू नयेत म्हणून आपण त्या मधूनमधून धुऊन काढतो. ही नळीही वापरात नसली तरी साधारणपणे दर आठवड्याला सलाईनने धुवावी लागते. त्यासाठी दहा मिलीची सिरिंजच वापरावी. लहान सिरिंजने दाब जास्त पडतो आणि नळी फुटू शकते. सलाईन आत जात नसेल तर जोर करू नका, इस्पितळाला विचारा.

आंघोळीच्या वेळी दंडाला प्लॅस्टिक नीट गुंडाळा. विहीर, नदी, तलाव यांत उतरणे बंद. त्या हाताने पोहरा ओढू नये, कुदळ मारू नये, पोते उचलू नये. साधी हालचाल मात्र चालू ठेवावी. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका. नळीजवळ कात्री नेऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. थंडी वाजून हुडहुडी भरली, विशेषतः नळी धुतल्यानंतर, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर 'हवा बदलली असेल' म्हणून तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. केमोमुळे रोग्याची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. रक्तात शिरलेला जंतू काही तासांत जीव घेऊ शकतो. लगेच फोन करा आणि रात्र असली तरी निघा. सुगीच्या दिवसांत घरात माणूस मोकळे नसते हे खरे. पण मळणी एक दिवस थांबू शकते, हा ताप थांबत नाही.

हात किंवा मान सुजली, दुखू लागली, नळीच्या जागी लाली अथवा पू दिसला, तरीही त्याच दिवशी दाखवा. नळी तुटली तर शरीराजवळचा भाग दुमडून घट्ट चिमटीत धरा, म्हणजे हवा आत जाणार नाही. दम लागला तर रोग्याला डाव्या कुशीवर, डोके खाली ठेवून निजवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. नळी स्वतः कधीही ओढून काढू नका.

इस्पितळातून निघण्यापूर्वी घरातल्या दोघांनी ही कामे सिस्टरसमोर स्वतः करून दाखवावीत. एकटी सून किंवा एकटा मुलगा शिकून भागत नाही. तो माणूस बाजाराला गेला तर काय? तालुक्याला पट्टी कोठे बदलून मिळेल आणि रात्री फोन कोणाला करायचा, हे लिहून घ्या. तो कागद ट्रंकेत न ठेवता सर्वांना दिसेल असा भिंतीला लावा. थर्मामीटरही हाताशी ठेवा.