पुंगळ्यांची वही

अमेरिकेतल्या पुतण्याला रायफलच्या उडवलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायचा छंद आहे. बाराने पितळ फुगतं, ते साच्यात दाबून मापावर आणायचं. मग नवी टोपी, दारू, गोळी. तोंडाला चीर किंवा बुडाजवळ चकाकती रेघ दिसली की पुंगळी बाद. दर खेपेला पितळ कडक होतं म्हणे. पण कुठली कितव्यांदा भरली, याची नोंदच नाही! मला हे मुळीच पटलं नाही. डोळ्याशी खेळ आहे हा.

डहाणूला एनसीसीत आम्ही पॉइंट टू-टूच्या पुंगळ्या मोजून परत करायचो. त्यांच्या कडेतच मसाला असतो, म्हणून त्या पुन्हा भरत नाहीत. तरी एक कमी पडली तर गवतात शोधायचो, मग पोरांची तलासरीची एसटी चुकली तरी चालेल. (पालक चिडायचे, असो.)

रविवारी वही दाखव म्हटलंय त्याला.